झाडाला आपल्या मनाशी काय देणंघेणं?

घरात कुणाला डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या, की दोन दिवसांत सल्ले सुरू होतात. मावशी म्हणते, ‘त्या गोळ्यांची सवय लागते गं, त्यापेक्षा झोपताना हळद घालून दूध घे.’ एखादा काका केशरावरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुढे ढकलतो. अमेरिकेतल्या चुलतभावाने ‘सेंट जॉन्स वर्ट’ नावाची बाटली पाठवलेली असते आणि तिच्यावर फुलाचं सुंदर चित्र असतं. या सल्ल्यांना नाक मुरडणं सोपं आहे. पण त्यांच्यातून एक चांगला प्रश्न निघतो. हळदीला मेंदू नाही, केशराला मन नाही. मग माणसाच्या मनःस्थितीवर परिणाम करणारं रसायन झाड बनवतंच कशाला?

बऱ्याच रसायनांच्या बाबतीत उत्तर आहे, किड्यांसाठी. अळी पानावर चढली तर झाडाला पळून जाता येत नाही. त्याच्या हातात एकच शस्त्र, रसायन. तंबाखूचं निकोटीन आणि कॉफीचं कॅफीन ही दोन्ही मुळात पानं-बिया खाणाऱ्या किड्यांना हटवण्यासाठीची विषं. किड्याला हटवायचं तर त्याच्या चेतासंस्थेवर घाव घालणं सगळ्यांत परिणामकारक. आणि गंमत अशी, की किड्याच्या चेतापेशी एकमेकींशी बोलायला जी रसायनं वापरतात, त्यांतली सेरोटोनिन आणि डोपामिन ही आपल्याही मेंदूत आहेत. उत्क्रांतीने ही यंत्रणा फार पूर्वी बनवली आणि पुढे फारशी बदलली नाही. त्यामुळे अळीवर धरलेला नेम कधीकधी माणसालाही लागतो. किती लागतो आणि कुठे लागतो, यावर ते औषध ठरतं की विष.

उदासी आणणारं मूळ

वनस्पती आणि नैराश्य यांच्या नात्याची आधुनिक गोष्ट सुरू होते ती नैराश्य घालवणाऱ्या झाडापासून नव्हे, तर ते आणणाऱ्या झाडापासून. ते झाड भारतातलं, सर्पगंधा. तिची मुळी बिहारकडे ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखली जायची. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असा निबंध लिहिला. जगाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

लक्ष वेधलं ते मुंबईच्या रुस्तम जाल वकील या हृदयरोगतज्ज्ञांनी. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांनी नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. रक्तदाबावर धड औषधच नव्हतं, अशा काळातली ही गोष्ट. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला, रेसरपिन. न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी तो गंभीर मनोविकारांवर वापरून पाहिला. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

मात्र रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रुग्ण काही महिन्यांनी डॉक्टरांकडे वेगळीच तक्रार घेऊन येऊ लागले. रक्तदाब उतरला होता, पण जेवणावर वासना नव्हती, झोप नीट लागत नव्हती, कशातच मन रमत नव्हतं. रेसरपिन नेमकं करतं काय, हे शोधायला प्रयोगशाळा सरसावल्या.

चेतापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन ही संदेशवाहक रसायनं या पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. संदेश द्यायचा झाला की पिशवी पेशीच्या कडेला येऊन फुटते आणि माल पलीकडच्या पेशीकडे जातो. रेसरपिन या पिशव्या भरणारा पंप बंद पाडतं. मग संदेशवाहक पिशवीबाहेर पेशीतच पडून राहतात, तिथली विकरं त्यांचे तुकडे करतात आणि साठा संपतो. १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाने रेसरपिनमुळे सेरोटोनिनचा साठा रिता होतो हे दाखवलं. दोन वर्षांनी स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे हलेनासे झाले. मग त्यांनी एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो कच्चा माल, टोचला. थोड्याच वेळात ससे कान टवकारून पुन्हा हिंडू लागले. पार्किन्सन्सवरचा आजचा उपचार या सशांपासून निघाला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

यावरून पुढे तर्क झाला: साठा रिता झाल्यावर माणूस उदास होत असेल, तर उदास माणसात साठाच कमी असणार. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांमागचा विचार या मुळीतून फुटलेला आहे. तर्क देखणा आहे, पण पुरता खरा नाही. १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग छापला होता. त्यात चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसरपिनने चक्क बरं वाटलं होतं! तो निबंध मात्र बाजूला पडला. शिवाय आजच्या गोळ्या सेरोटोनिन काही तासांत वाढवतात, पण मन सावरायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे सेरोटोनिन वाढणं ही पहिली पायरी असावी. पुढे मेंदूतल्या जोडण्यांमध्ये हळूहळू जे बदल होतात, ते महत्त्वाचे. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य’ हे वाक्य मात्र गोळी घेणाऱ्याला आणि हळद सांगणाऱ्याला, दोघांनाही सारखंच आवडतं.

पाणचक्कीचं पाणी

आता त्या अमेरिकेहून आलेल्या बाटलीकडे येऊ. सेंट जॉन्स वर्ट म्हणजे पिवळ्या फुलांचं गुडघा-कमरेएवढं झुडूप. युरोपात ते जूनच्या शेवटी, सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास फुलतं, म्हणून हे नाव. काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांतही ते रानोमाळ उगवतं. त्याचं पान उजेडासमोर धरलं तर सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. ती भोकं नव्हेत, तेलाच्या ग्रंथी आहेत. पाकळीच्या कडेला काळे ठिपके असतात आणि कळी बोटांत चुरडली की बोटं लाल होतात. तो लाल रंग हायपरिसिनचा. ऊन असताना हे झुडूप भरपूर चरलेल्या मेंढ्यांची कातडी होरपळते, ती याच रंगामुळे.

बरीच वर्षं संशोधकांचा डोळा हायपरिसिनवरच होता. पुढे लक्ष गेलं हायपरफोरिन या दुसऱ्या घटकाकडे. त्याची करामत समजायला आपल्याकडची एक गोष्ट उपयोगी पडेल. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. वरून पडणाऱ्या पाण्याच्या जोराने खालचं चाक फिरायचं आणि वरचं जातं दळायचं. चक्की बंद पाडायची तर दोन वाटा आहेत. चाकात दांडा अडकवायचा, किंवा खाली पाणी तुंबवून वरच्या-खालच्या पातळीतला फरकच मोडायचा.

चेतापेशीने सोडलेलं सेरोटोनिन काम झाल्यावर परत आत ओढून घेतलं जातं. ते ओढणारं प्रथिन सोडियमच्या ‘पाण्या’वर चालतं. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, आत कमी. सोडियम आत धावतो आणि त्याच्या जोरावर सेरोटोनिनही आत खेचलं जातं. फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची गोळी चाकात दांडा अडकवते, आणि तोही मुख्यतः सेरोटोनिनच्याच चाकात. हायपरफोरिन दुसरी वाट धरतं. ते पेशीच्या भिंतीतल्या टीआरपीसी-६ नावाच्या वाहिन्या उघडतं, सोडियम आत शिरतो, पातळीतला फरक कमी होतो. मग त्या एकाच पाण्यावर चालणारी सगळीच चाकं मंदावतात. सेरोटोनिनचं, नॉरॲड्रेनलिनचं, डोपामिनचं, शिवाय गाबा आणि ग्लुटामेट या संदेशवाहकांचंही. प्रयोगशाळेत बनवलेल्या कुठल्याही नेहमीच्या गोळीची ही पद्धत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटतो तो हा भाग.

मग ते लागू पडतं का?

जर्मनीत डॉक्टर हे औषध कित्येक वर्षं लिहून देत आले आहेत. २००८ साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २९ चाचण्या आणि ५४८९ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. निष्कर्ष असा, की सौम्य ते मध्यम नैराश्यात हा अर्क दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरतो, नेहमीच्या औषधांच्या तोडीस तोड उतरतो आणि दुष्परिणामांमुळे तो सोडणारे कमी असतात. पण आढावा लिहिणाऱ्यांनीच एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली. जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतर देशांपेक्षा ठळकपणे जास्त चांगले आहेत. तिथले रुग्ण वेगळे असतील, किंवा तिथल्या काही चाचण्या जरा जास्तच उत्साही असतील.

उलट बाजूला २००२ सालची अमेरिकेची मोठी चाचणी. मध्यम ते बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या ३४० रुग्णांचे तीन गट केले: एकाला सेंट जॉन्स वर्ट, दुसऱ्याला सर्ट्रालिन ही प्रचलित गोळी, तिसऱ्याला औषध नसलेली दिखाऊ गोळी. आठ आठवड्यांनी पूर्ण प्रतिसाद दिलेल्यांचं प्रमाण झाडाच्या गटात सुमारे २४ टक्के, सर्ट्रालिनच्या गटात सुमारे २५ टक्के आणि दिखाऊ गोळीच्या गटात सुमारे ३२ टक्के! वर्तमानपत्रांनी मथळा दिला, ‘झाडपाला निकामी’. सर्ट्रालिनही त्याच चाचणीत नापास झालं होतं, हे मथळ्यात बसलं नाही.

नैराश्याची औषधं तपासणं अवघड का, हे या एका चाचणीत दिसतं. नैराश्य चढउताराचं असतं. माणूस डॉक्टरकडे येतो तो बहुधा अगदी खालच्या टप्प्यावर. त्यानंतर काहीजण आपोआप वर येतात, काहीजण दर आठवड्याला कुणीतरी आस्थेने विचारपूस करतंय म्हणून सावरतात. म्हणून ‘माझ्या मेव्हणीला गुण आला’ हा पुरावा होत नाही. मेव्हणी खोटं बोलत नसते. तिला खरंच बरं वाटलेलं असतं, फक्त ते कशामुळे, हे तिला सांगता येत नाही.

यकृताला सगळं कळतं

याच हायपरफोरिनचं दुसरं काम मेंदूत नाही, यकृतात चालतं. यकृताच्या पेशींत पीएक्सआर नावाचं एक प्रथिन बाहेरून आलेल्या रसायनांवर पहारा ठेवतं. परकं काही दिसलं की ते विल्हेवाट लावणाऱ्या विकरांचं उत्पादन वाढवायचा हुकूम देतं. हायपरफोरिन या पहारेकऱ्याला जोरात जागं करतं. वाढलेली विकरं मग समोर येईल त्याचा फडशा पाडतात, त्यात रुग्ण घेत असलेली बाकीची औषधंही आली.

२००० साली झ्युरिकच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकिगत छापली. दोघांचंही हृदय प्रत्यारोपण झालेलं. नवं हृदय शरीराने नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन चालू. उदास वाटतं म्हणून त्यांनी सेंट जॉन्स वर्ट सुरू केलं. रक्तातलं सायक्लोस्पोरिन घसरलं आणि शरीर नव्या हृदयावर उलटलं. कारण लक्षात आल्यावर सेंट जॉन्स वर्ट बंद केलं, तेव्हा पातळी सावरली. त्याच वर्षी अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासात एचआयव्हीवरच्या इंडिनाविर या औषधाचं रक्तातलं प्रमाण या झाडामुळे ५७ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. त्याच वर्षी आयर्लंडने हे झाड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. काउंटरवर सहज मिळणाऱ्या ‘नैसर्गिक’ गोष्टीबाबत एवढी सावधगिरी मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

चौकट: बाटली उघडण्याआधी

संततिनियमनाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, प्रत्यारोपणानंतरची औषधं किंवा एचआयव्हीवरची औषधं चालू असतील, तर सेंट जॉन्स वर्ट घेऊ नका.

डॉक्टरांनी दिलेल्या नैराश्याच्या गोळीसोबत ते मुळीच नको. सेरोटोनिन अति वाढून थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण अशी धोकादायक अवस्था येऊ शकते.

कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा दुहेरी विकार असेल, तर या झाडाने उन्मादाचा झटका येऊ शकतो.

चालू गोळी परस्पर बंद करून त्या जागी झाडाचा अर्क घेऊ नका. हा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

मरणाचे विचार येत असतील तर झाड की गोळी हा वाद बाजूला ठेवा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा मोफत क्रमांक १४४१६ आहे. भारतात नैराश्य असलेल्या दर १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत, असं २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं.

साडेचार फुलांचं केशर

केशराबद्दल थोडक्यात. त्याच्या रंगाचा घटक क्रोसिन, वासाचा सॅफ्रनाल. तेहरानमध्ये २००४ सालापासून छोट्या चाचण्या झाल्या. त्यांत रोज ३० मिलिग्रॅम केशराने सौम्य-मध्यम नैराश्यात दिखाऊ गोळीपेक्षा जास्त आणि इमिप्रामिनसारख्या जुन्या औषधाइतका फरक पडलेला दिसला. पण त्या चाचण्यांत माणसं किती होती? एकीत ३०, दुसरीत ४०. आशा वाटावी इतकं आहे, पैज लावावी इतकं नाही.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे मात्र पाहण्यासारखं आहे. काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतातल्या एका फुलातून तीन तंतू निघतात आणि ग्रॅमभर सुकं केशर व्हायला सुमारे दीडशे फुलं लागतात. म्हणजे रोजचा डोस साडेचार फुलांचा. अडचण भावाची आहे आणि त्याहून भेसळीची. रंगवलेले मक्याचे तुरे नाहीतर करडईच्या पाकळ्या केशर म्हणून सर्रास खपतात. मराठवाड्यातल्या करडईबद्दल मला आदर आहे, पण तिच्यात क्रोसिन नाही.

हळद पोटातून पुढे जात नाही

आता मावशीची हळद. हळदीतला कुरकुमिन हा घटक नैराश्याशी जोडला जातो तो दाहामार्फत. नैराश्याच्या काही रुग्णांत रक्तातले दाहदर्शक घटक वाढलेले असतात, आणि प्रयोगशाळेच्या तबकडीत कुरकुमिन दाह कमी करतं. भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ६० रुग्णांवर एक चाचणी झाली. एका गटाला फ्लुओक्सेटिन, एकाला रोज १००० मिलिग्रॅम कुरकुमिन, एकाला दोन्ही. प्रतिसाद अनुक्रमे सुमारे ६५, ६३ आणि ७८ टक्के, आणि हे फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे नव्हते. मुख्य म्हणजे दिखाऊ गोळीचा गटच नव्हता. अमेरिकेच्या त्या चाचणीत दिखाऊ गोळीने काय केलं होतं ते आठवलं, की या ६३ टक्क्यांचं काय करायचं हे कळेनासं होतं.

हिशेबही मांडून बघू. हळदीत कुरकुमिन साधारण तीन टक्के. दुधात घातलेल्या चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत ते ९० मिलिग्रॅम भरतं. १००० मिलिग्रॅमसाठी रोज अकरा चमचे हळद लागेल. बरं, तेवढी गिळली तरी बहुतेक कुरकुमिन रक्तात पोचतच नाही. आतडं आणि यकृत त्याला शर्करेचे रेणू चिकटवून बाहेर काढून टाकतात. २०१७ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी कुरकुमिनवरच्या ढीगभर संशोधनाची झाडाझडती घेतली. हा रेणू अस्थिर आहे, आणि तबकडीतल्या चाचण्यांत तो काम न करताही केल्यासारखं दाखवतो, असा इशारा त्यांनी दिला.

म्हणूनच बाजारातल्या हळदीच्या अनेक कॅप्सूलमध्ये मिरंही असतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली माणसांना दोन ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण वीसपट वाढलं. डब्यांवर हा ‘वीसपट’ मोठ्या अक्षरांत छापतात. नुसतं कुरकुमिन दिलं तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडत होतं, हे डब्यावर येत नाही. जवळपास शून्याची वीसपट किती होणार?

आणि पायपेरिन हे करतं कसं? तर विल्हेवाट लावणाऱ्या विकरांना थोपवून. सेंट जॉन्स वर्ट यकृताला कामाला जुंपतं, मिऱ्याचा अर्क त्याला आवरून धरतो. मग कुरकुमिनसोबत इतर औषधंही शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. फेफऱ्यावरचं फेनिटोइन, दम्यावरचं थिओफायलिन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातली पातळी पायपेरिनने वाढलेली अभ्यासांत दिसली आहे. आमटीत चार मिरी ठेचून टाकल्याने यातलं काही होत नाही. रोज पोटात जाणाऱ्या अर्काची गोष्ट वेगळी. त्यामुळे पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर ती कॅप्सूलची बाटलीही पिशवीत टाका आणि ‘सध्या काय काय घेता?’ असं विचारलं, की टेबलावर काढून ठेवा.